क्रोशाच्या सुईचा हिशोब



बाळंतविडा घेऊन गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अगंबाई, घरी विणलंस? बरा वेळ मिळतो गं तुला!" बोलणारीच्या मनात कौतुकच असतं. आपणही लगेच मान खाली घालून म्हणतो, "छे हो, दुपारी रिकामं बसून काय करायचं, म्हणून घेतलं हातात." बाळाचं टोपडं, मोजे, रुखवतातलं क्रोशाचं तोरण, पूजेच्या ताटावरचा रुमाल, सगळं आपण 'रिकाम्या वेळात' केलेलं असतं. त्या टोपड्यापायी किती रात्री डोळे चोळत बसलो हे कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही.

या रिकाम्या वेळाबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. क्रोशाचा इतिहास वाचायला घेतला, तर रिकामा वेळ असलेल्या बायका त्यात फार थोड्या भेटल्या. भेटल्या त्या बहुतेक उपाशी घरातल्या, नाहीतर दाराआड बसून दुसऱ्यांच्या देशासाठी विणणाऱ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'विणकाम' म्हणतात. दोन सुयांवरचं उलट-सुलट टाक्यांचं विणकाम निराळं आणि एका आकड्याच्या सुईवरचा क्रोशा निराळा. दोन सुयांचं विणकाम पुष्कळ जुनं. इजिप्तमध्ये सापडलेले विणलेले मोजे आणि त्यांचे तुकडे साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले मानले जातात, आणि त्यातले बरेचसे सुती आहेत, निळीत रंगवलेल्या आणि पांढऱ्या दोऱ्याचे. विणकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोकरच येते, पण या जुन्या नमुन्यांत कापूस पुढे आहे, याचं मला विशेष वाटलं. पुढे युरोपात हा पुरुषांचा धंदा झाला, त्यांचे संघ होते, उमेदवारी करून शिकावं लागे. १५८९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र बनवलं. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, गरिबांच्या पोटावर पाय येईल असं ती म्हणाली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, यंत्र मात्र आलंच. आज स्वेटर, मोजे यंत्रावर ढिगाने निघतात.

क्रोशाचं तसं नाही. तो वयाने लहान, जेमतेम दोनशे वर्षांचा. त्याचे पहिले छापील नमुने १८२० च्या दशकात 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात आले. 'क्रोशे' हा शब्द फ्रेंच, अर्थ लहान आकडा. हा प्रकार आला कुठून, यावर अनेक अभ्यासक सांगतात ते आपल्याला ओळखीचं वाटेल. आपल्याकडची आरी ठाऊक आहे ना? कापड ताणून, टोकाला आकडा असलेल्या सुईने वरून खालचा दोरा ओढत साखळी टाका घालायचा. कच्छच्या मोची कारागिरांचं आरीकाम प्रसिद्धच आहे. पूर्वेकडचं हे साखळी टाक्याचं काम अठराव्या शतकात युरोपात गेलं, तिथे गोल चौकटीवर कापड ताणून बायका ते करू लागल्या, आणि मग कुणीतरी खालचं कापडच काढून टाकलं. साखळी हवेत विणली जाऊ लागली, तो क्रोशा.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्र करतं, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र अजून बाजारात चाललेलं नाही. म्हणजे मोठ्या दुकानात टांगलेला क्रोशाचा झगा, टोपी किंवा पिशवी खऱ्या क्रोशाची असेल, तर कुठल्यातरी हाताने एकेक खांब घालून ती विणलेली आहे. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी वाचताना त्या हाताला काय मिळालं असेल, हा प्रश्न मला आता सोडत नाही.

आता आयर्लंडकडे वळते.

आपण बटाटा खात नाही. पण ज्या देशात गरिबाचं सकाळ-दुपार-संध्याकाळचं जेवणच बटाटा होतं, तिथे १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. शेतात उभं पीक काळं पडून सडलं. पुढची काही वर्षं हाच प्रकार. सुमारे दहा लाख माणसं उपासाने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. ऐंशी लाखांच्या आसपास वस्तीचा देश तो. धान्य त्याही वर्षांत बंदरातून बाहेर जातच होतं. गरिबाकडे ते विकत घ्यायला पैसा नव्हता.

या दिवसांत क्रोशा पोटासाठी कामाला आला. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या अर्सुलाइन जोगिणींनी मुलींना तो शिकवला. उत्तरेकडे क्लोन्स गावात कॅसान्ड्रा हँड नावाची बाई होती, तिथल्या धर्मगुरूंची पत्नी. तिने १८४७ मध्ये शिकवणारी बाई आणवून गावातल्या बायकांना क्रोशाला लावलं. क्रोशाच का, तर त्याला भांडवल लागत नाही. माग नको, चौकट नको, जागा नको. एक आकडा आणि दोरा बस. सुईचं नाक अर्धं मोडायचं, ती लाकडी मुठीत बसवायची, झाली क्रोशाची सुई.

शिवाय व्हेनिसची जी महागडी लेस श्रीमंतांच्या घरी होती, ती साध्या सुईने टाका टाका घालून करायला महिनेच्या महिने जात. क्रोशाने तिच्यासारखं काहीतरी कितीतरी लवकर होत असे. हे नमुने छापून घरोघर पोचवणारी एक हुशार बाई लंडनमध्ये होती, रिएगो द ला ब्रांशार्दियेर. तिची आई आयरिश. १८४० च्या दशकापासून तिने विणकामाची पुस्तकं काढायचा धडाका लावला आणि आयरिश क्रोशाची ही तऱ्हा आपणच बसवली असं ती सांगे.

आयरिश क्रोशाची काम करायची पद्धत बघा. अख्खी लेस एका बाईने करायची नाही. एकीने गुलाब विणायचे, दुसरीने तीन पानांचा शॅमरॉक, तिसरीने पानं. फुलाला उठाव यावा म्हणून आत जाड दोरी धरून तिच्यावरून खांब घालायचे. मग ही फुलं कापडावर टाचून, मधली जागा बारीक जाळीने भरून एकीने सगळं जोडायचं. क्लोन्सच्या जाळीत छोट्या गाठी असतात, त्या अजूनही गावाच्याच नावाने ओळखल्या जातात. घराण्यांचे आपापले नमुने असत आणि ते शेजारणीला दाखवत नसत म्हणे. (आपल्याकडे लोणच्याच्या मसाल्याचं होतं तसंच.) धुराने भरलेल्या झोपडीत बसून विणलेलं असल्यामुळे लेस काळवंडे, म्हणून विकण्याआधी ती स्वच्छ धुवून काढावी लागे.

ती लेस लंडन-पॅरिसच्या बायकांच्या गळ्याभोवती गेली. या पैशांवर घरात पीठ आलं, भाडं भरलं गेलं, कुणाचं अमेरिकेचं जहाजाचं तिकीट निघालं. या बायकांनी ती लेस स्वतः कधी घातली असेल असं मला वाटत नाही.

याच काळाच्या दुसऱ्या टोकाला राजवाड्यातली विणणारी आहे. व्हिक्टोरिया राणीला क्रोशा येत होता. १९०० साली, ऐंशी वर्षांची असताना, दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईवर गेलेल्या शिपायांसाठी तिने स्वतःच्या हाताने खाकी लोकरीचे आठ गळपट्टे विणले. चार ब्रिटिश सैन्यात गेले, चार वसाहतींच्या तुकड्यांना. शौर्याबद्दल मिळालेले ते गळपट्टे आज संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. हाताने विणलेल्या भेटीला एवढा मान क्वचितच मिळाला असेल. त्याच साली आपल्याकडे, गुजरात-राजपुताना-दख्खनमध्ये, छपन्नाचा दुष्काळ चालू होता. राणीच्या भेटीत मला खोट काढायची नाही, म्हाताऱ्या बोटांनी विणणं सोपं नसतं. पण तिचे आठ पट्टे कुणी विणले ते सगळ्यांना ठाऊक आहे. क्लोन्सच्या गुलाबांखाली एकाही बाईचं नाव नाही.

आपल्या देशातही क्रोशा मिशनरी बायकांबरोबरच पसरला. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळेपासून ख्रिस्ती घरांतल्या मुली तो शिकत आल्या. पण सगळ्यात मोठी कहाणी आहे आंध्रातल्या नरसापूरची. गोदावरी समुद्राला मिळते त्या मुलखातलं हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथल्या गरीब बायकांना लेस विणायला शिकवलं. हळूहळू ती आसपासच्या गावांत गेली, मिशनच्या हातून व्यापाऱ्यांच्या हातात गेली आणि जहाजांतून परदेशी जाऊ लागली. टेबलावरचे रुमाल, पलंगपोस, गळपट्ट्या.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाई तिथे जाऊन राहिल्या. त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं, 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर'. मीस यांना दिसलं ते असं. लाखभराच्या आसपास बायका लेस विणत होत्या. घरचं रांधणं, धुणं, मुलं, जनावरं सांभाळून रोज सहा-सहा, आठ-आठ तास. एकीने फुलं करायची, दुसरीने जोडायची, अगदी क्लोन्ससारखं. दोरा आडत्याने आणून द्यायचा, तयार माल त्यानेच उचलायचा. आडते, व्यापारी, निर्यात करणारे बहुतेक पुरुष. आणि या बायकांची गणना कामगारांत नव्हतीच. त्या 'गृहिणी', आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळातला उद्योग. त्यांची दिवसाची कमाई शेतात मजुरी करणाऱ्या बाईपेक्षाही कमी पडत होती.

असं असूनही त्यातल्या वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका शेतावर जायला तयार नव्हत्या. शेतात राबणारी बाई ती हलक्या घरची. आपण उंबऱ्याच्या आत बसून विणणाऱ्या, आपली पायरी वरची, ही त्यांची समजूत. दोन पैसे जास्त मिळवणाऱ्या बाईकडे कमी मिळवणारी बाई वरून खाली बघत होती. हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या घरांत "आमच्या सुना बाहेर कामाला जात नाहीत" हे वाक्य किती अभिमानाने उच्चारलं जातं, ते मला ऐकू येत होतं.

२०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. गावाच्या नावाला त्याने बाजारात वजन येईल. फूल विणणारीच्या हातात त्यातलं किती पडतं, यावर सगळं आहे.

आता थोडं दोऱ्याविषयी, कारण भेट विणायची तर कशाची विणायची हा प्रश्न आपल्या घरात येतोच. रेशमाचं मी बोलायला नको. कोश उकळताना आतला जीव मरतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मेंढीच्या लोकरीबद्दल घराघरांत वेगवेगळं मत आहे, त्यात मी पडत नाही. दुकानात 'बेबी वूल' म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ऍक्रिलिकच असते, वेष्टनावर बघून घ्यावं. ती धुवायला सोपी, थंडीत ऊब देते, पण दिव्याजवळ किंवा आरतीच्या ताटाजवळ अजिबात नको, पेटली तर वितळून कातडीला चिकटते. क्रोशाला सगळ्यात उत्तम सुती दोरा. त्याच्यावर जी चमक असते तिलाही इतिहास आहे. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ च्या सुमारास सुताला कॉस्टिक सोड्याचं पाणी देऊन पाहिलं, सूत बळकट झालं आणि रंग चांगला धरू लागलं, पण आटलं. १८९० मध्ये होरेस लो याने तेच करताना सूत ताणून धरलं, तेव्हा त्याला रेशमासारखी झळाळी आली. वेष्टनावर 'मर्सराइज्ड' लिहिलेलं असतं ते यावरून. रेशीम न मारता रेशमाची झळाळी, आणखी काय पाहिजे! दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नव्या मुलींनी लक्षात ठेवावं. पहिल्यांदा हातात सुई घेणारीने दहा नंबरचा घ्यावा, चाळीसच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळं मनात घोळत असतानाच आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत एक विषय निघाला. दशलक्षण पर्वाच्या शेवटी प्रभावना म्हणून काय द्यायचं? दरवर्षी स्टीलची वाटी नाहीतर डबा असतो. यंदा कुणीतरी सुचवलं की जपमाळेसाठी क्रोशाच्या पिशव्या देऊ, ऐंशी नग. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, हात इतका सफाईदार की मागची बाजू कोणती ते कळू नये. घरी मिळवणारं दुसरं कुणी नाही, दोन मुली शिकताहेत. त्यांना काम मिळेल म्हणून सगळ्या खूश. भाव ठरवायची वेळ आली, तेव्हा एकीने म्हटलं, "चाळीस रुपये नग देऊ, दोरा त्यांचा. घरातच तर असतात त्या, टीव्ही बघता बघता होईल."

मी घरी येऊन पिशवी विणून पाहिली आणि खांब मोजले. दहा नंबरचा दोरा. सहा साखळ्यांचं कडं करायचं, त्यात बारा खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे चोवीस. मग छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ, दर फेरीला बारा वाढवत पाच फेऱ्या. हा झाला तळ, एकशेऐंशी खांब. पुढे वाढवायचे नाहीत, साठावर साठ अशा चौदा फेऱ्या सरळ वर न्यायच्या, ते आठशेचाळीस. एका पिशवीला एक हजार वीस खांब, वर साखळीची दोरी. मिनिटाला नऊ खांब धरले तरी जवळजवळ दोन तास, आणि दोरी, टोकं लपवणं, धुऊन इस्त्री धरली तर अडीच. चाळीस रुपयांतून दोऱ्याचे बारा गेले, उरले अठ्ठावीस. तासाला अकरा रुपये आणि थोडी चिल्लर. आमच्याकडे भांगलणीला जाणाऱ्या बाईला दिवसाचे तीनशे तरी मिळतात.

पुढच्या बैठकीत मी कागद वाचून दाखवला. एक-दोघींना राग आला. "धर्माच्या कामात पैशाचा असा कीस काढायचा का?" असं एक मोठ्या आक्का म्हणाल्या. मी त्यांना एवढंच विचारलं, की आक्का, प्रभावना मंडळाची, पुण्य मंडळाचं, मग त्यातलं दान काकूंनी का करायचं? विणणारी स्वतःहून देते ती भेट. आपण तिच्याकडून घेतो ती खरेदी. खरेदीत कमी दिलेले पैसे हे तिच्याकडून न विचारता घेतलेलं दान होतं, आणि न दिलेलं घेऊ नये हे तर आपण रोज म्हणतो. आक्का काही बोलल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

तासभर चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की चाळीस पिशव्या काकूंकडून घ्यायच्या, एकशेदहा रुपये नगाने, दोरा मंडळाचा. राहिलेल्या चाळीस आम्ही वीसजणींनी प्रत्येकी दोन अशा स्वतः विणायच्या, ती आमची भेट. वीसातल्या आठजणींनाच क्रोशा येतो. उरलेल्या बाराजणी शिकताहेत, त्यात त्या आक्काही आहेत. तिघींची पिशवी चौथ्या फेरीतच वाटीसारखी वळायला लागली, खांब वाढवायचे राहिले की तसं होतं. काकू उसवून परत घालायला लावतात, न रागावता. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीन ते पाच.

आक्कांनी परवा बोट चोळत विचारलं, "काय गं, मिनिटाला नऊ खांब कोण घालतं? माझे तीन होतात."

शिकवण्याचे पैसे घ्यायला काकू अजून तयार नाहीत. मी पुन्हा विषय काढणार आहे.